बोटात न बसलेली अंगठी

2010 सालच्या एप्रिलमधली गोष्ट. लेकीकडे इंग्लंडला गेलो होतो. ईस्टरची सुट्टी होती, शनिवारची संध्याकाळ होती आणि घरात एक लहानसा सत्याग्रह चालू होता. माझा नऊ वर्षांचा नातू टीव्हीकडे पाठ करून बसला होता. बीबीसीवर त्याची लाडकी मालिका 'डॉक्टर हू' नव्याने सुरू व्हायची होती. पण त्याचा लाडका डॉक्टर, म्हणजे डेव्हिड टेनंट, नवीन वर्षाच्या पहिल्याच दिवशी मालिका सोडून गेला होता. त्याच्या जागी मॅट स्मिथ नावाचा, तोवर फारसा कुणाला ठाऊक नसलेला सत्तावीस वर्षांचा तरुण येणार होता. भरीत भर म्हणजे मुख्य लेखकही बदलला होता. रसेल टी. डेव्हिसची लेखणी स्टीव्हन मॉफटच्या हाती गेली होती. म्हणजे देवही नवा आणि पुजारीही नवा! नातवाने एकही दृश्य न पाहता निकाल देऊन टाकला होता, की हा डॉक्टर नव्हेच.

ज्यांनी ही मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. 'डॉक्टर हू' सुरू झाली ती 23 नोव्हेंबर 1963 रोजी, केनेडींची हत्या झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. आपल्याला सुखावणारा एक योगायोग म्हणजे तिची पहिली कथा दिग्दर्शित करणारा तरुण, वारिस हुसेन, मूळचा लखनौचा. मालिकेचा नायक आहे परग्रहावरून आलेला एक भटक्या. निळ्या रंगाच्या, बाहेरून लहान आणि आतून प्रचंड अशा एका पेटीत बसून तो काळातून आणि अवकाशातून हिंडतो. शरीर थकले की तो मरत नाही; त्याला नवे शरीर मिळते. आठवणी त्याच, पण चेहरा, चालणे-बोलणे, स्वभावाची ठेवण, सारे नवे. या एका युक्तीमुळे मालिका 1989 पर्यंत सलग चालली, 2005 मध्ये पुन्हा उभी राहिली आणि नट बदलत गेले तरी नायक एकच राहिला.

त्या संध्याकाळी शेजारचे एक वयस्कर गृहस्थ चहाला आले होते. नातवाची पाठ पाहून ते हसले. मग त्यांनी त्याला सांगितले की, 1966 च्या नोव्हेंबरात मीही अगदी तुझ्याएवढा होतो आणि मीही असाच फुरंगटून बसलो होतो. नवा आलेला माणूस मला मुळीच नको होता. पुढे तोच माझा सर्वांत आवडता डॉक्टर झाला. तो गेला तेव्हा मी पुन्हा रुसलो, तो मात्र त्याच्यासाठी.

तो माणूस म्हणजे पॅट्रिक ट्राउटन. नातू कुठे चटकन पाघळला ते पुढे सांगेन. पण मला मात्र त्या दिवसापासून या ट्राउटनने झपाटले. आपल्याकडे नाटकवाल्यांना हे दुखणे काही नवे नाही. गाजलेल्या भूमिकेत दुसरा नट उभा राहिला की प्रेक्षक मनात तराजू धरूनच बसतो. डॉ. श्रीराम लागूंच्यानंतर 'नटसम्राट' करायला दत्ता भट, सतीश दुभाषी उभे राहिले तेव्हा त्यांच्यावर काय दडपण आले असेल! पण त्यांच्यापुढे निदान दुसऱ्याने भूमिका करण्याची जुनी परंपरा होती. ट्राउटनपुढे तीही नव्हती. त्याला नुसती दुसऱ्याची भूमिका करायची नव्हती. तोच माणूस, पण वेगळा, हे अजब प्रकरण लाखो मुलांना पटवायचे होते.

पॅट्रिक ट्राउटनचा जन्म 25 मार्च 1920 चा, लंडनच्या वायव्येला असलेल्या मिल हिलमधला. अभिनयाचे शिक्षण लंडनमध्ये झाले आणि मग शिष्यवृत्ती मिळवून स्वारी अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर शिकायला गेली. तेवढ्यात दुसरे महायुद्ध पेटले. तो एका बेल्जियन जहाजाने मायदेशी निघाला. इंग्लंडचा किनारा जवळ आला असताना ते जहाज सुरुंगावर आदळले. ट्राउटन जीवरक्षक होडीतून कसाबसा वाचला. एवढे झाल्यावर एखाद्याने समुद्राचे नाव टाकले असते. हा 1940 मध्ये नौदलातच भरती झाला. पुढे तोफा बसवलेल्या वेगवान लहान बोटींवर उत्तर समुद्रात त्याने गस्त घातली. थंडी अशी की, डोक्यावर चहाच्या किटलीला घालायची लोकरी टोपी चढवून तो उभा राहत असे. संकट भीषण, माणूस धीट आणि अवतार मात्र विनोदी! वीस वर्षांनंतर त्याने जो डॉक्टर उभा केला, त्याचा नमुना मला तरी या बोटीवरच दिसतो.

युद्ध संपल्यावर तो रंगभूमीवर परतला; पण त्याचे मन रमले ते नव्याने बाळसे धरत असलेल्या दूरचित्रवाणीत. रंगमंचावरच्या आरडाओरड्याची तो थट्टा करी. कॅमेऱ्यापुढे नुसती भुवई हलवून जे सांगता येते ते त्याला अधिक मोलाचे वाटे. 1948 मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिएच्या 'हॅम्लेट' चित्रपटात तो नाटकातल्या नाटकातला राजा झाला. 1953 मध्ये बीबीसीने रॉबिन हूडची मालिका केली तेव्हा टीव्हीवरचा पहिला रॉबिन हूड होण्याचा मान त्याला मिळाला. डिकन्सच्या कादंबरीतला दुष्ट बुटका क्विल्प त्याने केला, 1963 च्या 'जेसन अँड द आर्गोनॉट्स'मध्ये आंधळा फिनियस केला. दाढ्या, मिशा, कुबड, वेगवेगळे आवाज यांत त्याला खरा आनंद होता. प्रेक्षकांना भूमिका लक्षात राहाव्यात आणि नट ओळखू येऊ नये, ही त्याची इच्छा. मुलाखतींपासून तो चार हात लांबच राही.

नेमक्या अशा माणसाला 1966 मध्ये विचारणा झाली. पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल हा तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता. रक्तवाहिन्या कठीण होण्याच्या विकाराने त्याला ग्रासले होते, संवाद आठवेनात, चिडचिड वाढली. निर्माता इनेस लॉइड याच्यापुढे दोनच मार्ग होते: मालिका बंद करणे किंवा नायक बदलणे. नायक परग्रहावरचा आहे तर त्याचे शरीर बदलायला काय हरकत, या विचारातून वाट निघाली. आज या प्रकाराला पुनर्जन्मासारखे भारदस्त नाव आहे. पण ते नाव 1974 मध्ये आले. तेव्हा होती ती केवळ एक अडचण आणि तिच्यावर शोधलेला तोडगा.

ट्राउटन त्या वेळी आयर्लंडमध्ये एका चित्रपटाच्या चित्रीकरणात होता. त्याने आधी नकारच दिला. मुलांबरोबर तो मालिका आवडीने बघायचा आणि म्हणूनच त्याला वाटायचे की, आपण गेलो तर सहा आठवड्यांत सारे आटपेल. दुसरी भीती अशी की, एकदा डॉक्टर म्हणून चेहरा लोकांना पाठ झाला की पुढे कामे मिळायची नाहीत. यावर त्याने सुचवलेला उपाय ऐकून आपण कपाळाला हात लावू. तोंडाला सावळा रंग फासून, डोक्याला फेटा गुंडाळून अरबी सुरस कथांतल्यासारखा डॉक्टर करावा, म्हणजे नंतर रंग धुतला की कुणी ओळखणार नाही! बीबीसीच्या नाट्यविभागाचा प्रमुख आणि मालिकेचा एक जनक सिडनी न्यूमन याने ते सारे बाजूला सारले आणि चॅप्लिनच्या जातीचा, विश्वभर भटकणारा एक फाटका अवलिया सुचवला. ट्राउटनला आपले बीज सापडले. ढगळ चौकड्यांची विजार, गळ्याशी वेडावाकडा बो, विस्कटलेले केस आणि हातात रेकॉर्डर नावाची इंग्रजी बासरी. हार्टनेलचा करडा आजोबा गेला आणि वेंधळेपणाच्या आड तल्लख बुद्धी लपवणारा कुणी गमत्या काका आला.

29 ऑक्टोबर 1966 च्या शनिवारी हार्टनेलचा डॉक्टर जमिनीवर कोसळला, चेहऱ्यावर प्रकाश पसरला आणि तिथे ट्राउटनचा चेहरा दिसू लागला. पुढच्या शनिवारी, 5 नोव्हेंबरला, नव्या डॉक्टरची पहिली कथा सुरू झाली. इथे मला लेखकाला मुजरा करावासा वाटतो. सहा भागांची ही कथा लिहिली डेव्हिड व्हिटेकरने. मालिकेचा तो सर्वांत पहिला कथासंपादक. नंतर तिच्यावर हात फिरवला डेनिस स्पूनरने, तोही एके काळचा कथासंपादकच. या अनुभवी मंडळींनी प्रेक्षकाची शंका दडपली नाही. तिला कथेतच पाट मांडून बसवले. डॉक्टरचे दोन तरुण सोबती आहेत, बेन आणि पॉली. पॉलीला वाटते, हा तोच असावा. बेनला मुळीच पटत नाही. जुन्या डॉक्टरची अंगठी तो परीक्षेला पुढे करतो. ती नव्या बोटातून निसटते. नवा माणूस त्याची फिकीर करीत नाही. उलट डॉक्टरबद्दल असा बोलतो, जणू तो कुणी तिसराच आहे! शपथा नाहीत, पुरावे नाहीत. आणि मग गंमत पाहा, मित्र ओळखायला तयार नाही, तेव्हा ओळख पटते ती शत्रूला. पोलादी कवचातला डालेक, डॉक्टरचा हाडवैरी, त्याच्याकडे रोखून पाहतो. चेहरा नवा असला तरी आपला वैरी कोण, हे त्याला कळते. सहा आठवड्यांत बेनची समजूत पटत जाते आणि त्याच्याबरोबर घराघरांतल्या बेनचीही.

सगळ्यांनी लगेच माना डोलावल्या असे नाही. सुरुवातीला नाराजीची पत्रे आली, हा विदूषक कुठून आणला असेही लोकांना वाटले. ट्राउटनने उत्तर दिले ते कामातून. त्याने हळूहळू उंच टोपी टाकली, माकडचेष्टा कमी केल्या आणि आतला कणव असलेला, घाबरूनही मागे न हटणारा माणूस पुढे आणला. 'टूम ऑफ द सायबरमेन'मध्ये वडील गमावलेल्या व्हिक्टोरिया या मुलीला तो स्वतःच्या हरवलेल्या माणसांविषयी हलक्या आवाजात सांगतो, तो प्रसंग मी अनेकदा पाहिला. अंगावर काटा आणणारे राक्षस भोवती आहेत आणि एक नट कुजबुजल्यासारखा बोलून सारा पडदा व्यापतो. 'एनिमी ऑफ द वर्ल्ड'मध्ये तर त्याची दुहेरी भूमिका आहे, डॉक्टर आणि त्याच्याच चेहऱ्याचा क्रूर सत्तापिपासू सालामांडर. दोघांच्या नुसत्या उभे राहण्यातला फरक बघावा!

काम मात्र कंबर मोडणारे होते. आठवडाभर तालमी, मग एका संध्याकाळी पंचवीस मिनिटांचा भाग जवळजवळ सलग चित्रित करायचा, की दुसऱ्या दिवसापासून पुढची संहिता. तीन वर्षांहून कमी काळात त्याने 119 भाग केले. सहकलाकार फ्रेझर हाइन्सबरोबरच्या खोड्यांनी तालमी हसत्या राहत; पण थकवा साचत गेला आणि शिक्का बसण्याची भीतीही. तीन वर्षे पुरी होताच त्याने निरोप घ्यायचे ठरवले. 21 जून 1969 ला त्याचा शेवटचा भाग दाखवला गेला. पुढे पीटर डेव्हिसन पाचवा डॉक्टर झाला तेव्हा, तीनच वर्षे कर आणि बाहेर पड, असा वडिलकीचा सल्ला ट्राउटनने त्याला दिला आणि डेव्हिसनने तो पाळला. जागा धरून ठेवण्यापेक्षा ती वेळेवर मोकळी करण्यातही कला असते.

आता थोडे घरातले. हे लिहावे की नाही, असा विचार मनात आला; पण ते टाळले तर चित्र खोटे होईल. 1943 मध्ये ट्राउटनचे मार्गारेटशी लग्न झाले, तीन मुले झाली. 1955 च्या सुमारास तो घर सोडून दुसऱ्या एका स्त्रीबरोबर राहू लागला. त्या संसारातही तीन मुले झाली. पहिल्या मुलांना भेटायला तो येत राहिला. पण बाहेर या साऱ्याची वाच्यता होऊ दिली नाही. त्याच्या आईला तर 1979 मध्ये ती वारली तोवर आपला मुलगा सुनेपासून वेगळा राहतो हे कळले नाही, इतके हे नाटक चोख वठले. त्याचा मुलगा मायकेल याने पुढे वडिलांचे चरित्र लिहिले, त्यात प्रेम आहे आणि दुखावलेपणही आहे. मुलाखती टाळण्यामागे कलेविषयीचे तत्त्व होते हे खरे. पण झाकायचेही बरेच होते. पडद्यावर ज्या माणसापाशी जगातली सारी मुले निर्धास्त होत, त्याच्या स्वतःच्या मुलांना बाप वाटून घ्यावा लागला. एवढे सांगून मी थांबतो. निवाडा देणारा मी कोण?

डॉक्टर सोडल्यावर त्याची भीती खोटी ठरली. 1970 मध्ये आठव्या हेन्रीवरच्या गाजलेल्या मालिकेत तो नॉर्फोकचा ड्यूक झाला. 1976 च्या 'द ओमेन' चित्रपटात चर्चच्या शिखरावरून कोसळलेल्या सळईने मरणारा पाद्री ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तो विसरता येणार नाही. डॉक्टरशी त्याचे नाते मात्र तुटले नाही. 1972-73, 1983 आणि 1985 अशा तीन वेळा तो पाहुणा म्हणून मालिकेत परतला. पुढच्या पिढ्याही अभिनयात आल्या. 'हॅरी पॉटर'मधला लाडावलेला डडली, म्हणजे हॅरी मेलिंग, हा ट्राउटनच्या मुलीचा मुलगा. हृदयविकाराने दोनदा इशारा दिला होता, तरी कामे चालूच होती. उतारवयात अमेरिकेतल्या चाहत्यांच्या मेळाव्यांना तो हौसेने जाऊ लागला. 28 मार्च 1987 रोजी, सदुसष्टावा वाढदिवस होऊन तीनच दिवस झाले असताना, जॉर्जिया राज्यातल्या कोलंबस गावी अशाच एका मेळाव्याला गेला असताना त्याचे हृदय बंद पडले. आयुष्यभर चाहत्यांपासून लपणारा माणूस शेवटी चाहत्यांच्या गावीच गेला.

आणि त्याच्या मागे काय उरले? त्या काळी चित्रफिती महाग होत्या. एकदा दाखवलेला कार्यक्रम पुन्हा कोण बघणार, म्हणून बीबीसीने त्या पुसून पुन्हा वापरल्या. ट्राउटनच्या भागांपैकी जवळजवळ निम्मे त्यात गेले. 'टूम ऑफ द सायबरमेन' 1991 च्या अखेरीस हाँगकाँगहून हाती लागली. 2013 मध्ये नायजेरियातल्या जॉस शहरातून नऊ भाग मिळाले, त्यांतूनच 'एनिमी ऑफ द वर्ल्ड' पुरी झाली. पण व्हिटेकरच्या ज्या कथेने त्याची परीक्षा घेतली, तिचे सहाही भाग नाहीसे झाले आहेत. चेहरा बदलण्याचा तो क्षण तेवढा वाचला, कारण 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमात तो तुकडा वापरला होता. ज्या भागांच्या बळावर पुढच्या साऱ्या डॉक्टरांना जागा मिळाली, ते भागच आज बघायला मिळत नाहीत!

आता त्या 2010 च्या संध्याकाळकडे वळतो. मॅट स्मिथने भूमिकेची तयारी करताना 'टूम ऑफ द सायबरमेन' पाहिली आणि तो ट्राउटनच्या प्रेमात पडला. त्याच्या गळ्यातल्या बोमध्ये आणि तरुण देहातल्या म्हाताऱ्या हालचालींत ते प्रेम दिसते. पण त्याने नक्कल केली नाही, हे महत्त्वाचे. मॉफटनेही जुनी हुशारी ओळखली होती. पहिल्या भागात नवा डॉक्टर टेनंटच्या फाटलेल्या कपड्यांत येऊन पडतो आणि त्याला भेटते एक लहान मुलगी, अमीलिया. पाच मिनिटांत येतो म्हणून तो जातो आणि उगवतो बारा वर्षांनी! तेव्हा तिचा विश्वास उडालेला असतो, तिला तो पुन्हा मिळवावा लागतो. नेहमीची पेटी नाही, हत्यार नाही आणि जग वाचवायला वीस मिनिटे. शेवटी तो फाटके कपडे उतरवून आपले कपडे निवडतो आणि आधीच्या दहा चेहऱ्यांच्या चित्रांतून पाऊल टाकत पुढे येतो. 1966 ची अंगठी आणि 2010 चे कपडे, मला तरी एकाच घरातले दागिने वाटतात.

मासळीचे तुकडे कस्टर्डमध्ये बुडवून खाणारा डॉक्टर पाहून नातू आधी हळूच वळला, मग हसला आणि मग माझ्या मांडीला रेलून बसला. मॉफटच्या पुढच्या कथा काही वेळा फार गुंतागुंतीच्या झाल्या, कोडे सोडवता सोडवता गोष्ट निसटली, असे माझे मत आहे. पण नवा नायक आणि नवा लेखक यांना तोलताना मी आता वेगळे माप वापरतो. आधीच्यासारखा आहे का, हा प्रश्न मी सोडून दिला आहे. आधीच्याच्या अंगठीचा मान राखून त्याने आपले बोट आपलेच ठेवले का, प्रेक्षकाच्या शंकेला लेखकाने जागा दिली का आणि जाताना त्याने जागा पुढच्यासाठी अधिक मोठी केली का, एवढेच मी पाहतो. स्मिथ 2013 च्या नाताळात गेला. त्यानंतर वयस्क पीटर कपाल्डी आला, मग जोडी व्हिटेकर ही पहिली स्त्री डॉक्टर आणि नंतर नकुटी गॅटवा, रसेल टी. डेव्हिसही पुन्हा लिहायला परतला. 2025 च्या मे महिन्यात गॅटवाने निरोप घेतला. दर वेळी कुठल्या ना कुठल्या घरात एखादे मूल पाठ करून बसले असणारच.

नातू आता माझ्याहून उंच झाला आहे. मध्यंतरी त्याने मला एक भेट पाठवली. व्हिटेकरच्या त्या हरवलेल्या कथेला 2016 मध्ये पन्नास वर्षे झाली, तेव्हा तिच्यावर बीबीसीने रेखाटनपट केला. चित्रे नवी आहेत. पण आवाज जुना, 1966 चाच. त्या काळच्या काही मुलांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर टीव्हीचा आवाज उतरवून ठेवला होता, म्हणून तो उरला. बीबीसीला जे जपावेसे वाटले नाही, ते शाळकरी पोरांनी जपले.

परवा रात्री दिवा मालवून, डोळे मिटून मी ती कथा नुसती ऐकली. बेनचा संशयी आवाज आला, अंगठी निसटल्याचे कळले. आणि मग त्या नव्या, अनोळखी माणसाने कुणाच्याही प्रश्नाला उत्तर न देता रेकॉर्डर ओठाला लावला आणि आपल्याच नादात वाजवायला सुरुवात केली.